आपले मंडळ कोणाचे?

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज मी दोन शब्द बोलावे असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. तरी गेले काही दिवस एक विषय मनात घोळत होता, तोच आपल्यापुढे ठेवते. माणसे एकत्र कशी येतात, आणि एकत्र आल्यावर आत कोण व बाहेर कोण हे कशावरून ठरते, हा तो विषय.

आपल्यापैकी पुष्कळजणी लहानपणी भुलाबाई खेळल्या असतील. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मुली घरोघर जाऊन गाणी म्हणायच्या आणि शेवटी डबा वाजवून खाऊ ओळखायचा. त्या खेळाला ना अध्यक्ष, ना वर्गणी. पण एक नियम सर्वजणी पाळत. प्रत्येक घराची पाळी यायचीच. जिच्याकडे लाडू तिच्याकडे जायचे आणि जिच्याकडे फुटाणे तिला गाळायचे, असे चालत नसे. मला वाटते, पुढे आपण जी जी मंडळे केली त्यांचे बी ह्या पाळीत आहे. पाळी आली म्हणजे जबाबदारी आली, आणि जबाबदारी आली म्हणजे ‘हे माझे’ असे वाटू लागते.

भिशीचेही तसेच. पहिल्याच महिन्यात जिची चिठ्ठी निघते ती पुढचे सारे महिने मुकाट्याने पैसे भरते. तिला बांधून ठेवणारा कागद नसतो. चारचौघींत राहायचे आहे, एवढाच तो करार.

आपल्या सीताबर्डीत तर मंडळाची गरज पूर्वीपेक्षा अधिकच आहे. मोदी नंबरच्या गल्ल्यांत घरांपेक्षा दुकाने जास्त झाली. वाडे जाऊन सदनिका आल्या. वरून मेट्रो धावते. खाली रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि जिन्यातल्या समोरच्या दारामागे कोण राहते हे मात्र ठाऊक नाही. अशा वस्तीत हक्काने बसायला एक सतरंजी असावी, म्हणून हे मंडळ.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. आपल्याकडे बायकांना एकत्र आणणारी सर्वांत मोठी रीत म्हणजे हळदीकुंकू. तिचे उपकार मी विसरत नाही. आपल्या आज्यांना एरवी उंबऱ्याबाहेर पडायची चोरी होती, परंतु ‘हळदीकुंकवाला जाते’ म्हटले की सासूबाईंनाही नाही म्हणता येत नसे. चैत्रात आंब्याची डाळ आणि पन्हे, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत वाण. त्या निमित्ताने सुखदुःख बोलले जाई, मुलींची स्थळे निघत, औषधे कळत. पण जी रीत एकीला दार उघडते तीच दुसरीला दार लावते. काल ज्या बाईने आपल्याला अत्तर लावले, तिचा नवरा गेला की ती आपल्या यादीतून जाते. तिने मंडळाची वर्गणी थकवलेली नसते, भजनाची पाळी चुकवलेली नसते. गेले ते फक्त तिचे कुंकू.

हा विचार आजचा नव्हे. जानेवारी १८५२ मध्ये पुण्यास सावित्रीबाई फुले यांनी आपल्या महिला सेवा मंडळातर्फे तिळगुळाचा समारंभ केला. कलेक्टरसाहेबांच्या पत्नी जोन्सबाई अध्यक्षस्थानी होत्या. कोणत्याही जातीच्या स्त्रिया येवोत, सर्वांना एकाच जाजमावर बसवायचे आणि पक्षपात न करता हळदीकुंकू लावायचे, असे निमंत्रणातच स्पष्ट केलेले होते. सावित्रीबाईंनी रीत मोडली नाही. त्यांनी तीच रीत घेतली आणि जाजम मोठे केले. त्या काळी एका जाजमावर बसणे ही केवढी गोष्ट होती, याचा विचार करून पाहावा.

आपल्या नागपूरची गोष्टही सांगते. जुलै १९४२ मध्ये येथे दलित वर्गाच्या अखिल भारतीय परिषदेबरोबर महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण झाले, आणि सुमारे २५,००० स्त्रिया जमल्या होत्या असे सांगतात. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एक बायको असता दुसरी करण्यास कायद्याने बंदी मागितली, कामगार स्त्रियांना रजा मागितली. हिंदू स्त्रियांना ह्यातले पहिले दोन हक्क कायद्याने सबंध देशभर मिळाले ते १९५५ साली. म्हणजे ज्यांना शिकण्याची संधी सर्वांत कमी, त्या बायका कायदा होण्याच्या कितीतरी आधी बोलल्या. त्या काळच्या वाड्यांतल्या हळदीकुंकवाचे आमंत्रण त्यांतल्या किती जणींना गेले असेल? ज्यांना कुणी जाजमावर बोलावले नाही, त्यांनी आपले जाजम स्वतः अंथरले.

अलीकडे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. एका खेड्याला जे सुचले व जमले, ते सीताबर्डीला जड का जावे?

काहीजणी म्हणतील, ‘मग काय, कुणीही यावे आणि बसावे?’ तसे मी म्हणत नाही. मंडळाला शिस्त लागते. नुसते खायला येणाऱ्यांचे मंडळ टिकत नाही. पण ती शिस्त कशाची, हे पाहावे. मुंबईस गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे लिज्जत पापडाचे महिला गृहउद्योग झाले, आणि आज हजारो स्त्रिया त्यात आहेत. तेथे प्रत्येकीला बहीण म्हणतात आणि प्रत्येक बहीण मालकीण असते. सवाष्ण की विधवा, कोणत्या जातीची, कोणती भाषा बोलणारी, हे विचारीत नाहीत. पापड मात्र ठरल्याप्रमाणेच लाटला पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की सभासदत्व कामावरून ठरावे, कपाळावरून ठरू नये.

म्हणून मी आज तीन सूचना मांडते. पहिली, येत्या संक्रांतीला मंडळाच्या पत्रिकेवर ‘सुवासिनींसाठी’ हा शब्द नसावा, ‘सर्व भगिनींसाठी’ असे छापावे. हळदकुंकू, तिळगूळ, वाण सर्वांना सारखे द्यावे, जिला कुंकू नको असेल तिने फूल घ्यावे. दुसरी, आमंत्रण फळ्यावर लिहून थांबू नये. दोघी-दोघींनी दारोदार जावे, नव्या सदनिकांतल्या परभाषी शेजारणींकडे जावे, आणि आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बायांनाही सांगावे. त्या आल्या तर त्यांना चहा देण्याच्या कामाला लावू नये, शेजारी बसवावे. तिसरी, हिशेबाची वही दरवर्षी नव्या हातात द्यावी. जिच्या हाती वही येते ती पाहुणी राहत नाही.

‘रीत मोडली तर काही वाईट होईल’ अशी भीती कुणाच्या मनात असेल तर ती मला समजते. आपल्या माणसांच्या काळजीतूनच ती येते, म्हणून तिला मी हसणार नाही. पण आपल्या शेजारच्या बाईच्या कपाळी हळदकुंकू लागल्याने आपले कुंकू उणे होत नाही. तिला टाळल्याने ते वाढतही नाही.

येथे बसलेल्यांपैकी कुणावर कोणता दिवस येईल हे कुणी सांगू शकत नाही. तो दिवस आला तर ह्याच सतरंजीवर आपली जागा राहावी, एवढे तरी आपण आज एकमेकींना देऊ शकतो. सूचना आवडल्या तर आजच ठराव करावा. नाही आवडल्या तर उघडपणे बोलावे, मी ऐकून घेईन.