घरमालक, किरायेदार आणि विजेचा मीटर



धामणगाव हे रेल्वेमुळे वाढलेले गाव. एके काळी यवतमाळकडचा कापूस येथे येऊन आगगाडीत चढत असे. बाजारपेठ आली, जिनिंग आले, शाळा-महाविद्यालये आली. त्यांच्यामागोमाग बाहेरगावचे शिक्षक, नोकरदार, विद्यार्थी आले. तेव्हा किरायेदार हा या गावाला परका नाही.

तरीही या नात्यात कटुता येते, आणि ती बहुधा किरायावरून नव्हे, तर लाइटच्या बिलावरून व पाण्यावरून. किराया आधी ठरलेला असतो; वीज-पाण्याचा आकडा मात्र दरमहा मालकाच्या तोंडून ऐकावा लागतो. बिल दाखविले जात नाही, पावती मिळत नाही आणि विचारणा केलीच तर ऐन वैशाखात नळ बंद होतो!

वऱ्हाडात पूर्वी 1949 चा मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश होता. 31 मार्च 2000 पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याने घेतली. त्याच्या कलम 29 नुसार न्याय्य कारणावाचून वीज, पाणी, जिन्यातील दिवे, सफाई या अत्यावश्यक सेवा मालकाला तोडता येत नाहीत. तसे करणे हा गुन्हा असून त्यास कारावासाचीही तरतूद आहे. किरायेदार न्यायालयाकडे सेवा पूर्ववत करण्याची मागणी करू शकतो. मालकाच्या कसुरीमुळे नगर परिषदेने वा वीज कंपनीने जोडणी तोडली, तरी ती मालकानेच तोडली असे कायदा मानतो. किरायेदारांकडून पैसे घेऊन बिल थकविणाऱ्यांनी हे नीट ध्यानी घ्यावे.

मात्र घरमालक म्हणजे शोषक, ही परकी विचारसरणीची व्याख्या आपण का स्वीकारावी? पतीमागे दोन खोल्यांच्या किरायावर घर चालविणारी विधवाही घरमालकच असते. कित्येक जुने किराये दशकानुदशके गोठलेले राहिले. हे गोठविणे अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये मुंबई भाडे कायद्याच्या संदर्भात म्हटले. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. स्थानिक कर वाढला तर तोही किरायात घालता येतो, परंतु प्रत्यक्ष वाढीहून अधिक नाही.

विजेचे गणित तर दोघांनीही समजून घ्यावे. घरगुती दराचा पहिला टप्पा 100 युनिटांपर्यंतचा; पुढचा टप्पा महाग. प्रत्येकी 90 युनिट जाळणारी दोन कुटुंबे स्वतंत्र मीटरवर असतील तर दोन्ही स्वस्त टप्प्यात राहतात. एकाच मीटरवर ती 180 युनिट होतात आणि त्यांतील 80 युनिट महाग दराने पडतात. येथे मालकाने लबाडी केलेली नसते, पण किरायेदाराला ती लबाडीच वाटते. सबमीटर बसवून वाटणी कळते, दर उतरत नाही. स्वतंत्र मीटरचा स्थिर आकार वेगळा पडतो हे खरे, तथापि रोजची धुसफूस तरी थांबते. 2003 च्या विद्युत अधिनियमाने मालकाप्रमाणेच जागेच्या भोगवटादारालाही जोडणी मागण्याचा हक्क दिला आहे.

राहिला प्रश्न कागदाचा. भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करणे ही या कायद्याने मालकाची जबाबदारी ठरविली आहे. नोंदणी नसेल तर किरायेदार सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. वीज कोणत्या मीटरची, पाणीपट्टी कोणी भरायची, बोअरच्या मोटारीचा खर्च कसा वाटायचा, हे त्याच करारात लिहावे आणि दरमहा बिलाची प्रत किरायेदाराच्या हाती द्यावी.