टोळ्यांची भिंत खिशात आली



पूर्वी टोळी भिंतीवर नाव रंगवून आपली हद्द सांगत असे. ती भिंत त्या गल्लीतच राही. मोबाइलने ती प्रत्येकाच्या खिशात आणून ठेवली. अमेरिकेतील शिकागो शहराने याची मोठी किंमत मोजली आहे.

तेथील एंगलवुड वस्तीत ४ सप्टेंबर २०१२ रोजी ‘लिल जोजो’ या नावाने गाणारा जोसेफ कोलमन हा अठरा वर्षांचा तरुण सायकलवरून जात असता गोळ्यांना बळी पडला. प्रतिस्पर्धी टोळीला डिवचणारी त्याची चित्रफीत यूट्यूबवर गाजत होती; आणि आपण कोठे आहोत, हे त्याच दिवशी त्याने ट्विटरवर स्वतःच जाहीर केले होते. दोघांतले भांडण कधीतरी निवळते. हजारोंच्या देखत दिलेले आव्हान मागे घेणे त्या वयात फार अवघड असते.

समाजकार्याचे प्राध्यापक डेस्मंड पॅटन व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये या प्रकाराला ‘इंटरनेट बँगिंग’ असे नाव दिले. पुढे, २०१४ मध्ये मारल्या गेलेल्या शिकागोतील एका सतरा वर्षांच्या मुलीचे आणि तिच्या संपर्कातील तरुणांचे ट्विटरवरील लेखन त्यांनी तपासले. ती बोली व चिन्हे परक्यास उमगत नाहीत, म्हणून त्याच वस्त्यांतील तरुणांना अर्थ लावण्यास बसविले. तेव्हा दिसले ते असे : धमकीच्या आधी पुष्कळदा शोक असतो. मारल्या गेलेल्या मित्राची आठवण प्रथम येते आणि साधारणतः दोन दिवसांच्या अवधीत भाषा सूडाची होते.

आपल्या पुण्यातही २०२२-२३ मध्ये कोयते नाचविणाऱ्या रील्सवरून पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. ती कारवाई आवश्यकच होती. परंतु अशा अटकेच्या बातमीत (मीही प्रसिद्धिपत्रके लिहिणाराच माणूस आहे) कोयता किती लांबीचा, हे आम्ही न चुकता देतो. त्या मुलाच्या स्टेटसवर आदल्या आठवड्यात कोणाचा फोटो व ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ होती, हे कोणी विचारीत नाही.

ते स्टेटस पोलिसांच्या आधी वर्गमित्र पाहतात, शेजारी पाहतात. मुलगा त्या दिवशी बहुधा शाळेतही आलेला असतो. त्याला बाजूस घेऊन, ‘कोण गेले रे तुझे?’ एवढे विचारण्यास कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.