जामीन मिळाला, पण कागद पोहोचला का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. म्हणून कलमांवर फार बोलत नाही. कागद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात कसा जातो, आणि कुठे अडकतो, एवढंच सांगतो. आमच्या कामात हे लवकर कळतं की दोन सिस्टिम आपापल्या जागी नीट चालतात आणि बिघाड होतो तो त्यांच्या सांध्यात.

फौजदारी खटल्यात पोलीस, न्यायसहायक प्रयोगशाळा, सरकारी वकील, न्यायालय आणि तुरुंग, अशी पाच खाती येतात. प्रत्येकाचा साहेब वेगळा, रजिस्टर वेगळं. २६/११ च्या हल्ल्यानंतर, २००९ मध्ये, देशातली पोलीस ठाणी जोडणाऱ्या सीसीटीएनएस प्रकल्पाला मंजुरी मिळाली. न्यायालयांसाठी ई-कोर्ट्स, तुरुंगांसाठी ई-प्रिझन्स. या सगळ्यांना जोडणारी यंत्रणा म्हणजे आयसीजेएस. २०२२ मध्ये तिच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले. माहिती एकदाच भरायची, बाकीच्यांनी तीच वापरायची, अशी ही कल्पना. कल्पना चांगली आहे, त्यात वाद नाही.

पण ऑक्टोबर २०२१ आठवा. एका मोठ्या सिनेनटाच्या मुलाला उच्च न्यायालयाने गुरुवारी जामीन दिला, आणि तो ऑर्थर रोड तुरुंगातून बाहेर आला शनिवारी. कारण तुरुंगाबाहेर एक पेटी असते, सुटकेचा कागद ठरलेल्या वेळेआधी तिच्यात पडावा लागतो. शुक्रवारी तो वेळेत पडला नाही. ज्याच्याकडे देशातले नामवंत वकील होते त्याची ही गत, तर गोवंडी-मुंब्र्याच्या पोराचं काय होत असेल?

त्याच वर्षी जुलैमध्ये आग्र्याच्या तुरुंगातल्या १३ कैद्यांना जामीन मिळूनही सोडलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ३१ मार्च २०२२ ला आदेश थेट तुरुंगापर्यंत इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवणारी 'फास्टर' यंत्रणा सुरू झाली. मग ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी निर्देश दिले, ते लक्षात ठेवा. जामीन देणाऱ्या न्यायालयाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकामार्फत कैद्याला ईमेलने पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. आपल्या वस्तीत माणूस अडकतो तो बहुतेक इथेच. आदेश असतो, ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार नसतो. घरचे पैसे गोळा करत फिरतात, आणि हा नियम त्यांना कुणी सांगितलेला नसतो.

किती माणसांचा प्रश्न आहे? २०२२ अखेर देशात ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यांतले सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारांतले तीन अजून दोषी ठरलेलेच नव्हते.

आता सांध्याची दुसरी बाजू. जोडलेल्या यंत्रणेत आरोपही भराभर फिरतो. एफआयआर झाला की नोंद दिसते. सुटलो, ही नोंद मागून येते, आणि कुणी भरली तरच येते. त्यात आपली नावं. मोहम्मद, मोहंमद, मोहम्मद लिहिताना नुसतं 'मो.', शेख आधी की नंतर; इंग्रजीत तर आणखी चार स्पेलिंगं. डेटाबेसच्या माणसाला विचारा, एकाच माणसाच्या दोन नोंदी होणं आणि दोन माणसांची एक होणं, दोन्ही सोपं आहे. म्हणून अटकेच्या कागदावर नाव, वडिलांचं नाव, वय बरोबर लिहिलंय का ते पहिल्याच दिवशी बघा. निर्दोष सुटलात तर निकालाची प्रमाणित प्रत घरात जपून ठेवा. पासपोर्टच्या चौकशीच्या वेळी लागू शकते.

प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते, अपलोड झालेले आदेश उघडता येतात. तारखेसाठी कुणाच्या मागे हात जोडून फिरायची गरज नाही. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन लावा.

कुणाच्या घरचं प्रकरण चालू असेल आणि नंबर जवळ असेल, तर थांबा. मोबाईल काढा, शेवटचा आदेश इथेच उघडून वाचू.