आकडा चोवीसचा



उन्हाळा आला की आपल्या बोलण्यात दोनच विषय उरतात, पाणी आणि पारा. पाण्याविषयी जाणकार मंडळी बोलतात. मी आज पाऱ्याविषयी बोलणार आहे. तेही बाहेरच्या नव्हे, घरातल्या. मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तो साहित्य घेऊन. यंत्रातलं मला काही कळत नाही. तरी एका यंत्राची गोष्ट सांगायला बसलो आहे, कारण त्या यंत्रावर भरवसा ठेवून मी घरात एक मोठी चूक केली.

गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. माझी अम्मा तेव्हा ८४ वर्षांची. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली. आमचं घर सोलापुरात, वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. सोलापूरचा मे काय असतो हे सोलापूरकरांना सांगायला नको. अम्मासाठी आम्ही २०२० मध्ये तिच्या खोलीत एसी बसवला होता. तीन उन्हाळे तो नीट चालला.

त्या वर्षी मात्र अम्मा दुपारी कुरकुर करू लागली. "बेटा, गरमी होरी." मी यंत्राकडे बघायचो. त्यावर २४ चा आकडा झळकत असायचा. मी म्हणायचो, "अम्मा, चोबीस पर है. और कितना ठंडा करना?" ती गप्प व्हायची. तिला आकडे वाचता येत नव्हते. पाठीखालची ओली चादर मात्र तिला कळत होती.

दोनचार दिवसांनी मी मेकॅनिक बोलावला. त्यानं बाहेरच्या यंत्रावर हात ठेवला, म्हणाला, "गॅस कमी झालाय." गॅस भरला, पैसे घेतले, गेला. आठवड्यात पुन्हा तेच. तो पुन्हा आला, पुन्हा थोडा गॅस भरला आणि जाता जाता म्हणाला, "म्हाताऱ्या माणसांना उगाच तसं वाटतं." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवूनच घ्यायचं होतं.

एका दुपारी अम्मा हाकेला ओ देईना. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कोरडे. धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. नाडी बघता बघता त्यांनी विचारलं, "खोलीत तापमान किती आहे?" मी म्हणालो, "चोवीस." डॉक्टरांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मग मला घाम का येतोय?"

अम्माला सलाईन लावलं. ती सावरली. म्हातारपणी तहान नीट लागत नाही, घामाचं तंत्र मंदावतं, म्हणून उष्मा अशा माणसांना चटकन गाठतो, हे डॉक्टरांनी मला तेव्हा समजावलं. त्यांनीच भिंतीवर टांगायचा एक साधा तापमापक आणायला लावला. एसीच्या शेजारी तो अर्धा तास टांगला. पारा ३२ वर. एसीवर आकडा तोच, २४.

आता इथे एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली, ती तुम्हालाही सांगतो. बहुतेक एसींवर किंवा रिमोटवर जो आकडा दिसतो तो खोलीचं तापमान नसतो. आपण यंत्राला दिलेला तो हुकूम असतो. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशातल्या नव्या घरगुती एसींना सुरुवातीचा आकडा २४ ठेवणं बंधनकारक आहे. म्हणजे मी रोज अम्माला दाखवत होतो तो माझाच हुकूम. तो पाळला जातोय की नाही, हे बघण्याची सोय त्या आकड्यात नव्हती.

मग दुसरा मेकॅनिक आणला, वयानं मोठा. त्यानं आल्या आल्या पाना उचलला नाही. खुर्ची घेऊन पंधरा मिनिटं बसून राहिला. बाहेरचा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, पाच-सात मिनिटांत बंद पडायचा. आतला पंखा तेवढा फिरत राहायचा. खोली तापली की कॉम्प्रेसर पुन्हा सुरू. चालू असताना वारा अगदी गार येत होता. तो म्हणाला, "साहेब, गॅस कमी असता तर कॉम्प्रेसर चालू असतानाही वारा असा गार आला नसता. याला गार करता येतंय. पण खोली गार झाली असं समजून हा थांबतोय. याला कुणीतरी चुकीचं सांगतंय."

मग त्यानं रिमोटवरचा आकडा २४ वरून १६ वर आणला. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेईना. त्याचा संशय पक्का झाला. त्यानं मेन स्विच बंद केला, पुढचं झाकण उघडलं आणि मला दोन बारीक वायरी दाखवल्या. प्रत्येकीच्या टोकाला एकेक मणी. एक मणी जाळीमागे, खोलीतली हवा आत शिरते तिथे. दुसरा आतल्या तांब्याच्या नळीला चिकटलेला. पहिला खोलीची खबर देतो, दुसरा नळ्यांची. यांना थर्मिस्टर म्हणतात. ऊन वाढलं की याच्यातून वीज सोपेपणानं वाहते, म्हणजे विजेला होणारा विरोध कमी होतो; गारव्यात तो वाढतो. काही पदार्थांचा असा उलटा स्वभाव मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्येच नोंदवून ठेवला होता. त्या विरोधावरून यंत्र तापमान ओळखतं.

आमच्या एसीतले दोन्ही मणी एकाच मापाचे होते. २५ अंशांना १० हजार ओहम. त्यानं दोन्ही वायरी पाटीवरून सोडवल्या, पिना ब्रशनं साफ केल्या, कारण पिनेवर गंज चढला तरी माप चुकतं. मग ग्लासभर साधं पाणी मागितलं आणि दोन्ही मणी त्यात सोडले. खोलीत ठेवलेलं पाणी, खोलीइतकंच कोमट. मीटर लावला. नळीचा मणी सुमारे साडेसात हजार दाखवत होता. ३२ अंशांना तेवढाच हवा. खोलीचा मणी साडेदहा हजारांच्या आसपास. एकाच ग्लासात, एकाच पाण्यात! साडेदहा हजार म्हणजे यंत्राच्या हिशेबानं २४ अंश. मग बर्फ घालून पाहिलं. नळीचा मणी बत्तीस-तेहतीस हजारांवर गेला. बर्फाच्या पाण्यात तेवढाच यायला हवा. दुसरा कितीतरी पुढे निघून गेला. निदान झालं.

मी विचारलं, "मग यंत्रानं बिघाड का दाखवला नाही? दिवा का लुकलुकला नाही?" तो म्हणाला, "वायर तुटली की यंत्राला कळतं. दोन वायरी चिकटल्या तरी कळतं. तसलं तापमान असूच शकत नाही ना! पण हा सांगत होता चोवीस. चोवीस तर असू शकतं." मण्यावरचं कवच तडकून आत ओल शिरली की असं होतं, असंही त्यानं सांगितलं. नवा मणी दोनशे रुपयांत आला. गॅसवर मी हजारो रुपये घालवले होते.

श्रोतेहो, तुमच्या घरी असं झालं तर एवढं जरूर करा. आधी जाळी धुवा आणि एसी 'कूल'वरच आहे ना ते बघा. साधा तापमापक हवा आत शिरते त्या बाजूला टांगा, गार झोतासमोर नको. बाहेरचा कॉम्प्रेसर चालू आहे की बंद, ते ऐका. खोली तापलेली असताना तो लवकर थांबत असेल आणि आकडा खूप खाली आणल्यावर न थांबता चालत असेल, तर गॅस भरण्याआधी सेन्सर तपासायला सांगा. तो चालू असून वाराच गार नसेल, तर दुखणं वेगळं. झाकण मात्र स्वतः उघडू नका. स्विच बंद केल्यावरही बाहेरच्या यंत्रातला कपॅसिटर झटका देऊ शकतो.

हे सारं मी शिकलो, पण एक गोष्ट अजून सलते. त्या घरात अचूक खबर देणारं एक माणूस पहिल्या दिवसापासून होतं. ते मला माझ्याच भाषेत रोज सांगत होतं. मी त्याला आकडा दाखवून गप्प केलं.

नवा मणी बसवला त्या रात्री खोली तासाभरात गार झाली. मी तापमापक बघत होतो, खूश होतो. तेवढ्यात अम्मा म्हणाली, "अब ठंडी लगरी रे." तापमापक २५ दाखवत होता. बोलावंसं वाटलं, "अम्मा, पच्चीस ही तो है." नाही बोललो. उठलो आणि तिच्या पायांवर गोधडी घातली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)