नदीकाठ आणि जुने नकाशे

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या मांडवात कीर्तन व्हावे, प्रवचन व्हावे, हे रीतीला धरून आहे. नकाशावर व्याख्यान ही गोष्ट मात्र थोडी चमत्कारिक वाटेल. नकाशा म्हटला की गावकऱ्याच्या डोळ्यांपुढे बांधाची भांडणे आणि तलाठ्याचे दप्तर उभे राहते. परंतु देऊळ उभे राहिले ते कोठे आणि नेमके तेथेच का, या प्रश्नाचे उत्तर नेहमी पोथीत मिळत नाही. ते पुष्कळदा नदीत, रस्त्यात आणि जमिनीच्या चढउतारात असते. आणि नदी, रस्ता, जमीन तिन्ही बदलतात. बदलण्यापूर्वी ती कशी होती हे सांगणारा कागद म्हणजे जुना नकाशा.

समुद्रकाठच्या लोकांना ही गोष्ट चांगली माहीत आहे. मुंबई ही एकेकाळी सात बेटे होती, असे आपण शाळेत शिकतो. ती बेटे आज कोणी पाहिली आहेत? मधल्या खाड्या बुजल्या आणि त्यांच्यावर रस्ते, वाड्या, रेल्वे झाली. बेटे उरली ती जुन्या नकाशांवर. म्हणूनच तेथला अभ्यासक जुना नकाशा नव्यावर ठेवून किनारा कोठे होता ते दाखवू शकतो.

जालना जिल्ह्याला समुद्र नाही, पण काठ आहे. दक्षिणेस गोदावरी, मध्ये दुधना, उत्तरेस पूर्णा आणि तिला मिळणारे प्रवाह. आपली बहुतेक जुनी गावे आणि देवळे या काठांना धरून आहेत. काठ वाचता आला तर गावाचा पूर्ववृत्तान्त किती उलगडतो, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडलेले आहे. ते दुःखद आहे, कारण त्यात आपल्या बाजूचा पराभव झाला. पण सांगितलेच पाहिजे.

सन १८०३ च्या सप्टेंबर महिन्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा भोकरदन-जाफराबादच्या बाजूस उतरल्या होत्या. इंग्रजांच्या दोन फौजा त्यांच्या मागावर होत्या. एक जनरल वेलस्ली याची, दुसरी कर्नल स्टीव्हन्सन याची. २१ सप्टेंबरला दोघे बदनापूरला भेटले आणि डोंगराच्या दोन बाजूंनी जाऊन २४ तारखेस मिळून हल्ला करावा असे ठरले. हेरांनी खबर आणली होती, 'शत्रू भोकरदनला आहे.' त्या हिशेबाने वेलस्लीने अंतर मोजले. प्रत्यक्षात २३ तारखेस तो मुक्कामावर पोचतो तो फौज अवघ्या काही मैलांवर. झाले होते असे की भोकरदन हे जसे गावाचे नाव तसेच भोवतालच्या मुलखाचेही. छावणीचे एक टोक भोकरदनाजवळ होते, तर ज्या पायदळावर चालून जायचे ते दुसऱ्या टोकाला, असईजवळ, सहा-आठ मैल पलीकडे. हेर खोटे बोलले नव्हते. आजही पुण्याला गेलेला मनुष्य आपले गाव विचारल्यावर 'जालन्याचा' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. गावाचे नाव आणि परगण्याचे नाव यांतला फरक कागदावर स्पष्ट नसला म्हणजे किती घोटाळा होतो, हे वेलस्लीने पुढे आपल्या पत्रात लिहून ठेवले.

आता काठाची गोष्ट. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या बेचक्यात मराठी फौज उभी होती. दक्षिणेकडून येणाऱ्याला केळना ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हते आणि समोरच्या वाटेवर तोफा रोखलेल्या. वाटाड्यांनी सांगितले की दुसरा उतार नाही. वेलस्लीने खाली पूर्वेकडे पाहिले. नदीच्या दोन तीरांवर दोन गावे अगदी आमनेसामने दिसत होती. इतकी जवळ दोन गावे वसली म्हणजे माणसे रोज या काठावरून त्या काठावर जात असणार, आणि माणसे जात असतील तर तेथे उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला. पाहणीस अधिकारी पाठविला, उतार निघाला, फौज पलीकडे गेली. पुढे असईची लढाई झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेस गोदावरीपर्यंतच्या शिंद्यांच्या मुलखापैकी बहुतेक भाग हातचा गेला. त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणाही होता.

वाटाड्यांना उतार खरोखरच ठाऊक नव्हता की त्यांनी मुद्दामच सांगितला नाही? त्या मुलखातल्या माणसाला समोरासमोरच्या दोन गावांमधली वाट ठाऊक नसावी, हे पटण्याजोगे नाही. परक्याला वाट न सांगण्यातही एक इमान असते. असो. पण एक गोष्ट खरी की आपला काठ त्या दिवशी परक्या माणसाने नीट वाचला.

इंग्रजी कागदांत त्या गावांची नावे 'पीपुलगाव' आणि 'वरूर' अशी लिहिली आहेत. आपल्या कानाला पिंपळगाव आणि वरूड ऐकू येते. केळनेचे त्यांनी 'कैटना' केले आणि जुईचे 'जुआ'. आता आपल्या जिल्ह्यात पिंपळगावे काय थोडी आहेत? नुसत्या नावावरून शोधू जाल तर दिवस मावळेल. नकाशा पुढे घेतला, केळनेचा प्रवाह बोटाने धरला आणि असईच्या रोखाने दोन्ही तीरांवर समोरासमोरची गावे पाहिली की शोध चार बोटांच्या जागेत येतो. नाव फसवते, जागा सहसा फसवीत नाही.

यात आणखी एक योगायोग आहे. लढाईच्या आदल्याच वर्षी, १० एप्रिल १८०२ रोजी, विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ साखळीने जमीन मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. हा लॅम्बटन वेलस्लीच्याच ३३ व्या पलटणीतला अधिकारी, आणि वेलस्लीने त्या कामाला पाठिंबा दिलेला. मोजणी उत्तरेकडे सरकत वीस वर्षांनी विदर्भात पोचली. लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारला आणि तेथेच त्याला मूठमाती दिली गेली. असईच्या वेळी या मुलखाचा भरवशाचा नकाशा नव्हता. तो पुढे या मोजणीच्या त्रिकोणांवरच उभा राहिला.

आपण आज ज्याला टोपोशीट म्हणतो ती रंगीत पत्रके १९०५ नंतरच्या नव्या मालिकेतली. एक इंच म्हणजे जमिनीवरचा एक मैल, हे त्यांचे प्रमाण. पुढे मेट्रिक पद्धत आली तेव्हा १:५०,००० झाले. प्रत्येक पत्रकाला क्रमांक असतो. जालना शहर ४७ एम/१३ या पत्रकात येते, अंबड ४७ एम/१४ मध्ये, परतूर ५६ ए/२ मध्ये आणि असईचे मैदान ४६ पी/१६ मध्ये. एकच जिल्हा, पण चार मोठ्या पत्रकांत वाटला गेलेला. कागदपत्रांचेही तसेच. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यात होता आणि परतूर परभणीत. १९४८ पूर्वी तर सारेच निजामाच्या राज्यात. म्हणून ज्याला जुनी नोंद हवी त्याने कोठल्या काळी गाव कोठल्या जिल्ह्यात होते हे आधी पाहावे, नाहीतर हेलपाटा पडतो. जुना कागद किती मोलाचा असतो, हे मराठवाड्यात आता कोणाला पटवून द्यावयास नको.

पत्रक हाती आले म्हणजे प्रथम गाव शोधू नये. समासात छापलेले पाहणीचे वर्ष पाहावे. छपाईचे वर्ष निराळे असते आणि त्याने फसगत होते. वर्ष फाटून गेले असेल तर खुणा पाहाव्यात. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास झाली. ती रेषा दिसत नसेल तर नकाशा त्यापूर्वीचा. जायकवाडीचा डावा कालवा दिसत नसेल तर धरणापूर्वीचा. या धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले.

मग रंग. पाणी वाहते तेथे निळा, कोरडा ओढा काळ्या रेघेचा, लागवडीची जमीन पिवळी, झाडी हिरवी, घरे आणि रस्ते लाल, उंचसखलपणाच्या रेषा तपकिरी. देवळाला चिन्ह असते, मशिदीला, ईदगाहला आणि छत्रीलाही असते. नदीच्या किंवा तळ्याच्या काठाशी बारीक आकडा आणि पुढे इंग्रजी 'आर' अक्षर दिसले तर ती त्या काठाची शेजारच्या जमिनीपासूनची उंची. ही बारीक खूण फार कामाची. कारण जुन्या पत्रकावर तपकिरी रेषा पन्नास पन्नास फुटांच्या अंतराने काढलेल्या; गावाची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, पंधरा-वीस फुटांचे असले तर त्या रेषांच्या मधोमध हरवून जाते. ओसाड पडलेले गावही नकाशा दाखवतो. महसुलात ज्याला बेचिराख म्हणतात आणि जेथे आज ज्वारी-कपाशीखेरीज काही दिसत नाही, तेथे त्याचे नाव तेवढे राहिलेले असते.

आता गोदाकाठ पाहा. शहागडपासून खाली अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांच्या कडेने नदी जाते, पलीकडे बीड जिल्हा. जुन्या पत्रकावर या पात्रात वाळवंटे दिसतात, त्यांच्यामधून फिरणारा निळा प्रवाह दिसतो आणि दोन्ही तीरांवरून नदीत उतरणाऱ्या गाडीवाटा दिसतात. एक वाट या तीरावर येऊन थांबते, समोरच्या तीरावर दुसरी निघते. तोच उतार. नकाशावर शब्द लिहिलेला नसला तरी त्या दोन तुटक रेघा एकमेकींकडे तोंड करून उभ्या असतात. धरण झाल्यावर नदीचे वाहणे धरणाच्या दरवाज्यांवर आले. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून पाणी सोडले तेव्हा पैठण आणि खालचा काठ कसा बुडाला, ते पाहिलेली माणसे या मांडवातही असतील. त्यानंतर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्च पातळीचे बंधारे झाले. जेथे उतार होते तेथे आता साचलेले पाणी आहे. शेतीला ते वरदान आहे आणि त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. पण वाळवंट गेले, पाण्याखालचा उतार दिसेनासा झाला आणि वाळूच्या उपशाने पात्राचा तळही पूर्वीचा राहिला नाही. आज कोणी वेलस्ली त्या काठावर येऊन उभा राहिला तर त्याला गावे दिसतील, उतार सापडणार नाही.

काठावरच्या देवळांचे कोडे येथे सुटू लागते. पुष्कळ ठिकाणी जुन्या पायऱ्या, दीपमाळ किंवा वेशीचा दगड अशा बाजूला असतो की जिकडून आज कोणी येत नाही. डांबरी सडक मागून आली आणि देऊळ पाठमोरे झाले. जुन्या नकाशावर मात्र उताराची वाट त्याच पायऱ्यांच्या रोखाने येताना दिसते. नदी ओलांडून आलेला माणूस प्रथम पाय धुई आणि देवाला हात जोडी, वस्ती त्यानंतर. जीर्णोद्धार करताना अशा पायऱ्या निरुपयोगी म्हणून काढल्या जातात आणि दगड पायात भरले जातात. हे होऊ नये. पायऱ्या ठेवणे अगदीच शक्य नसेल तर काढण्यापूर्वी त्यांची दिशा, उंची आणि संख्या लिहून ठेवावी, जोत्याचे माप घ्यावे, आणि दगडावर अक्षरे किंवा वीराची आकृती असेल तर तिच्यावर ऑइलपेंट चढवू नये. भक्तीने दिलेला रंग पुष्कळ लेख खाऊन गेला आहे.

नकाशा मिळविणे आता अवघड राहिलेले नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची पत्रके २०१७ पासून संगणकावर मोफत उतरवून घेता येतात. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेली हिंदुस्थानची पत्रके टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांना खुली केली आहेत; प्रमाण लहान, इंचाला सुमारे चार मैल, पण धरणांपूर्वीच्या नद्या त्यांवर आहेत. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हे एका संध्याकाळचे काम. भूमी अभिलेख कचेरीतून गावनकाशा घ्यावा आणि तो शेजारी मांडावा, म्हणजे शिवेचा मेळ बसतो.

एवढे करूनही नकाशा अर्धाच बोलतो. मोजणीदार हिवाळ्यात आला, चार दिवस राहिला, ऐकू आले तसे नाव लिहून गेला. कोठला ओढा कोणत्या नावाचा, कोणत्या डोहात भोई होडी लावीत, हे त्याने लिहिले नाही. ते म्हाताऱ्या माणसांजवळ आहे आणि ती माणसे दर पावसाळ्याला कमी होत आहेत. नकाशाची मोठी प्रत काढून सभामंडपात पसरावी आणि त्यांना भोवती बसवावे. पुरुष मंडळी शिवेबद्दल सांगतील, वादही घालतील. पण उतारासाठी प्रथम विचारावे ते बायकांना. गोदाकाठच्या कितीतरी घरांतल्या आज्यांचे माहेर नदीपलीकडचे आहे, आणि पुलापूर्वी लग्न होऊन आलेली बाई विसरणार नाही की तिची गाडी पाण्यात कोठे उतरली आणि कोणत्या देवळापाशी वर चढली.