गाडी पाहावी बाहेरून

आगगाडीने प्रवास केलेली माणसे आपल्या देशात कोट्यवधी निघतील. आगगाडी पाहिलेली माणसे मात्र फार थोडी आहेत, असे मी म्हटले तर आपण मला विक्षिप्तांत जमा कराल. पण खिडकीशी बसलेल्या उतारूला डोंगर दिसतो, दरी दिसते, तारेवर झुलणारा कोतवाल पक्षी दिसतो, समोरच्या बाकावरील गृहस्थाच्या डब्यात कोणती भाजी आहे तेही दिसते; ज्या गाडीने त्याला हे सारे दाखविले ती तेवढी त्याच्या दृष्टीस पडत नाही. ती पाहावयाची तर बाहेर उभे राहिले पाहिजे, आणि तेही घाटात. कारण सपाटीवर ती आली म्हणेतो गेलेली असते, घाटात मात्र तिचा दम, तिची मिनतवारी, तिचे वळसे घेणे, सगळे डोळ्यांस पुरून उरते.

या मताचे आम्ही चौघे पुणेकर दर वर्षी आषाढातला एक रविवार बोरघाटाला देत असू. एक भूगोल शिकविणारे मास्तर, एक पेढीवरचे कारकून, एक रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले आप्पा, आणि चौथा मी, ज्याला या विषयात कसलाच अधिकार नाही. 1963 साली निमित्त अधिक सबळ होते: या घाटातून गाडी चालू लागली ती 1863 साली, म्हणजे मार्गाला शंभर वर्षे पुरी झाली. खंडाळ्यास उतरलो तेव्हा पावसाने तेथे बिऱ्हाडच केले होते. छत्र्या उलट्या झाल्या, त्या मिटून काखेत मारल्या आणि पायवाटेने डोंगराच्या एका सोंडेवर जाऊन बसलो. तेथून पलीकडच्या कड्याच्या कुशीत रुळांची एक लांब रेघ आणि बोगद्यांची दोन तोंडे दिसतात. धुके विरले की नागफणीच्या सुळक्याचे टोकही दिसते. ते त्या दिवशी एकंदर तीन वेळा दिसले, मास्तरांनी मोजले.

पहिली आली ती मालगाडी. आली म्हणजे आधी तिचा आवाज आला, दरीच्या तळातून, घरघर घरघर असा. मग तो एकाएकी नाहीसा झाला, तेव्हा आप्पा म्हणाले, 'बोगद्यात शिरली.' घाटात आता धूर नाही; 1930 च्या सुमारास विजेने वाफेला रजा दिली. पण मेहनत तीच आहे. सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर चढावे, असा येथील अत्यंत बिकट चढ. कागदावर तो क्षुल्लक वाटतो, परंतु गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक आणि वरून पावसाचे पाणी असा योग जुळला म्हणजे चाक जागच्या जागी फिरू पाहते, आणि एंजिनाला आपल्याच पायांखाली वाळू टाकीत चढावे लागते. पुढच्याने ओढावयाचे आणि कर्जतेस मागे जोडलेल्या बँकर एंजिनांनी रेटावयाचे, असा हा एकत्र कुटुंबाचा व्यवहार आहे. डबे इतके संथ सरकत होते की कारकूनसाहेबांनी ते मोजले आणि शेवटी दोनांचा फरक पडला म्हणून पुन्हा मोजावयास घेतले.

या मागच्या एंजिनांपैकी एका जातीचे नाव घाटातल्या माणसांनी 'खेकडा' ठेविले होते. स्वित्झर्लंडातील विंटरथूरच्या कारखान्याची त्याची मूळ घडण. मध्ये कोठडी, पुढेमागे लांबट नाके, आणि चाकांना जखडून टाकणारे आडवे दांडे. चालताना ते दांडे असे काही हलत, आणि उभे असता ते एंजिन असे काही कण्हे, की साहेबांनी दिलेला आकडी हुद्दा कोणाच्या लक्षात राहिला नाही आणि मराठी नाव मात्र चिकटले. आमच्या पायांशी त्या वेळी खरे खेकडेही कपारीतून बाहेर निघाले होते. नाव ठेवणाऱ्याची नजर पक्की होती, एवढे मी आपणांस सांगतो.

चढणाऱ्या गाडीपेक्षा उतरणारी गाडी अधिक पाहण्यासारखी. (रेल्वेच्या परिभाषेत मुंबईकडे जाणारी ती 'अप' आणि मुंबईहून निघालेली ती 'डाऊन', म्हणून घाट चढते ती डाऊन आणि उतरते ती अप. मास्तरांना हे भूगोलाच्या विरुद्ध वाटते.) उतरणीवर ठिकठिकाणी मुख्य मार्गाला एक फाटा फोडलेला असतो, जो डोंगरावर चढून मध्येच संपतो, आणि सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडीने आधी थांबून दाखवावे, आपण ताब्यात आहोत हे सिद्ध करावे, तेव्हाच सांधा फिरतो आणि तिला मुख्य मार्गाने पुढे रवाना करतात. न थांबणारी गाडी फाट्यावर चढून आपोआप दमते. शिवाय विजेची एंजिने उतरताना आपल्याच चाकांच्या वेगाने वीज उत्पन्न करून तारेत परत घालतात, म्हणजे उतरणारीचा वेग काही अंशी चढणारीच्या कामी येतो. असा चोख हिशेब आपण आपल्या खात्यातही कधी पाहिला नाही, असे आप्पा म्हणाले.

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट निघाली. मूळ मार्ग पंधरा मैलांहून थोडा अधिक, चढ 1831 फूट, बोगदे 25. तो पुरा होण्याआधी उतारूंना घाटाखाली खोपोलीस उतरून पालखीत नाही तर गाडीत बसून खंडाळा गाठावा लागे. 1859 साली कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल या देशात पाऊल ठेवल्यावर महिन्याच्या आत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही, दोन इंजिनिअर नेमून काम तडीस नेले. एका हंगामात तर बेचाळीस हजार मजूर राबत होते. बाईंचे नाव राहिले. मजुरांची नावे मुकादमांच्या हजेरीपटात असतील तर ते पट कुठल्या पावसात भिजले कोण जाणे. लोकांनी एकच नाव राखले आहे, शिंगरोबाचे: घाटाची वाट दाखविणारा धनगर, ज्याला बक्षिसाऐवजी गोळी मिळाली असे सांगतात. त्याचे देऊळ सडकेवर आहे, आणि मोटारवाले त्यावरून जाताना पैसा टाकतात.

दुपारी एक पॅसेंजर चढली. आषाढी तोंडावर आली होती, आणि डबे कोकणातल्या वारकऱ्यांनी भरले होते. कुर्डुवाडीस उतरून ते छोट्या गाडीने पंढरीस जाणार होते. गाडी दिसण्यापूर्वी बोगद्यातून टाळ ऐकू आले. कोणी काही बोलले नाही; कारकूनसाहेबांनीही डबे मोजले नाहीत.

एवढ्यात इरले पांघरलेला एक गँगमन रुळांच्या कडेने येऊन आमच्या खाली थांबला. दरड आली का, खडी वाहिली का, हे पाहत त्याची दिवसभर फेरी चालते. हाती बावटा, कमरेला धोक्याच्या फटाक्यांची डबी. आम्ही गाडी पाहावयास आलो हे त्याला पटेना. 'गाडी काय बघायची, सायेब?' तो म्हणाला. 'तुमी गाडी बघा, म्या रूळ बघतो.' आणि निघून गेला. आमची पोळीभाजीची शिदोरी दरम्यान एका वानराने नेली होती, ते आम्ही नंतर पाहिले. त्या ठिकाणाला मंकी हिल म्हणतात याचे प्रमाण मिळाले एवढेच.

सायंकाळी थांबलो ते दख्खनच्या राणीसाठी. 1930 साली 1 जूनला सुरू झालेली ही गाडी आमच्या पुण्याची लाडकी. मुंबईहून परतताना ती घाटात शिरते तेव्हा डब्यांत दिवे लागलेले असतात, आणि ती दिव्यांची माळ कड्याला विळखा घालताना पाहावी, हा आमचा मुख्य संकल्प. पण उजेड जाण्यापूर्वीच धुके आले. आवाज आला, बोगद्यात गेला, पुन्हा आला, अगदी समोरून सरकत वर गेला. आम्ही चौघे त्या पांढऱ्या भिंतीकडे डोळे फाडून पाहत होतो, आणि राणी दिसली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. तेव्हाही धुके होते.