राहिलं काय, ते सांगा



एम.एस्सी. नर्सिंगसाठी मी विदर्भातून चंदीगडला गेले. पहिल्या रात्रपाळीनंतर ड्युटी सोपवताना मी घडाघडा बोलत सुटले: सलाईन बदललं, अँटिबायोटिक दिलं, लघवी मोजली. सिनिअर सिस्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं ते चार्टवर आहे. राहिलं काय, ते सांग."

सहा नंबरच्या खाटेवरच्या बाबांची पाठ लाल व्हायला लागली होती. पहाटे त्यांची कूस बदलायची राहून गेली होती. सांगण्यासारखं तेवढंच होतं आणि नेमकं तेच मी गाळलं होतं.

स्नातकांनो, तुमच्यापैकी कुणी विशेषज्ञ परिचारिका होईल, कुणी वैद्यकीय उपकरणं घडवेल, कुणी आरोग्याची धोरणं लिहील. तिघांनाही माझं सांगणं एकच आहे. आरोग्यसेवेत नेतृत्व म्हणजे राहिलेलं काम मोठ्याने सांगणं आणि ते पुरं होईपर्यंत त्याचा पिच्छा न सोडणं.

याचं एक उदाहरण मी शिकले त्या 'पीजीआय' या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेचं. उत्तर भारतात नुसतं 'पीजीआय' म्हटलं तरी लोकांना चंदीगड कळतं. १९६२ साली सुरू झालेली ही संस्था १९६७ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची ठरली. पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीरमधून माणसं कागदांची पिशवी छातीशी धरून तिथे येतात. पंजाबातून येणाऱ्या कितीतरी जणांना हिपॅटायटिस सी असायचा. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसतो, लिव्हर पोखरतो आणि पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली की मग घरच्यांना कळतं. तो पसरण्याचं एक मोठं कारण होतं पुन्हा वापरलेली सुई. अशक्तपणा वाटला की गावात इंजेक्शन घ्यायचं, ही सवय आपल्यालाही नवी नाही. सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही, असं म्हणणारे आजोबा आपल्याही घरात आहेत.

२०१३ मध्ये या आजारावर सोफोसब्युव्हिर ही गोळी आली. अमेरिकेत बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत होती ८४ हजार डॉलर. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचा परवाना मिळाला आणि किंमत कोसळली. तरीही काम राहिलं होतंच. गोळी स्वस्त झाली, पण ती लिहून देणारे तज्ज्ञ चंदीगडला आणि रुग्ण भटिंड्याच्या एखाद्या खेड्यात.

जून २०१६ मध्ये पंजाब सरकारने मोफत उपचार सुरू केले. पीजीआयचे डॉ. आर. के. धीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचाराचा सोपा क्रम आखून दिला: कुठली तपासणी आधी, कुणाला जिल्ह्यातच गोळ्या द्यायच्या, कुणाला पुढे पाठवायचं. लिव्हर किती खराब झालं आहे याचा अंदाज महागड्या यंत्राऐवजी साध्या रक्ततपासण्यांवरून घ्यायचा, असं ठरलं. २२ जिल्हा रुग्णालयं आणि ३ मेडिकल कॉलेजं कामाला लागली. तिथल्या डॉक्टरांना पीजीआयने पडद्यावरून शिकवलं, अडलं तिथे सल्ला दिला. पहिल्या काही वर्षांतच ४८ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. उपचार पुरे करून शेवटच्या तपासणीला आलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के लोक विषाणूमुक्त निघाले. २८ जुलै २०१८ रोजी देशाचा हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पंजाबचा हा अनुभव हाताशी होता.

पण रुग्ण बरे करत राहायचं आणि सुई तीच ठेवायची, हे कसं चालेल? म्हणून पंजाबात पुन्हा न वापरता येणाऱ्या सिरिंज आणल्या गेल्या. अशी सिरिंज एकदा हातात घेऊन बघा. औषध पुरं गेलं की दट्ट्या अडकून बसतो. ओढायला गेलात तर मोडतो. सावधगिरी त्या प्लॅस्टिकमध्येच भरलेली आहे. ती घडवणारा तंत्रज्ञ असतो. तिच्यावर किती खर्च होईल आणि किती आजारपण टळेल, याचा हिशेब पीजीआयच्या संशोधकांनी मांडला. हे धोरणाचं काम. आणि "सुई नको, गोळीने बरं वाटेल," हे रुग्णाला पटवणारी बाई नर्स असते. या तिघांतला एक जरी हलला, तरी साखळी तुटते.

हीच साखळी पडद्यावरच्या उपचारालाही लागते. चंदीगडला खेटून असलेल्या मोहालीत सी-डॅक या सरकारी संस्थेने ई-संजीवनी ही दूरसल्ल्याची सेवा घडवली. २०१९ मध्ये ती आरोग्य केंद्रांत आली आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, घराघरांत पोहोचली. पण कॅमेऱ्याला पोट चाचपता येत नाही, तळपायाची सूज दाबून बघता येत नाही. केंद्रावर रुग्णाशेजारी बसलेल्या माणसाच्या बोटांना जे कळतं, तेवढंच पलीकडच्या डॉक्टरांना कळतं.

आपल्या मातीतलं उदाहरण गडचिरोलीचं आहे. बाळाचा श्वास मिनिटाला किती, यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. पण गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी पाहिलं. त्यांनी मणी आणि मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मण्यावर बोट आलं, की औषध सुरू. पुढे गावच्याच बाया घरोघरी नवजात बाळांना जपू लागल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते काम छापलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई त्याच वाटेने घरोघरी जाऊ लागल्या. अक्षर न येणाऱ्या बाईच्या अडचणीपासून निघालेली वाट देशाच्या धोरणापर्यंत गेली.

आता आमच्या पिढीची ड्युटी तुम्हाला सोपवते. झालं ते चार्टवर आहे. राहिलं ते सांगते.

अंगात हिपॅटायटिस सीचा विषाणू आहे हे माहीतच नसलेली माणसं गावोगावी आहेत. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आला, २०२३ मध्ये परिचर्या आणि प्रसूतिसेवेचा नवा राष्ट्रीय कायदा झाला. पण शिकून आलेल्या मुलीला त्या शिक्षणाला साजेसं पद, अधिकार आणि पगार मिळवून द्यायचं राहिलं आहे. मी काम केलेल्या एका रुग्णालयात नवा मॉनिटर एका वायरीपायी कित्येक महिने कापडाखाली झाकून होता. ती वायर मागायला कागद करायचा असतो. तो कागद मीही उशिरा केला. याची खंत अजून जात नाही.

धोरण लिहिणाऱ्यांनो, महिन्यातून एक दिवस तरी वॉर्डात उभे राहा. यंत्र घडवणाऱ्यांनो, ते रात्री तीन वाजता थकलेल्या हातांत जाणार आहे, हे विसरू नका. आणि माझ्या सिस्टर-ब्रदरांनो, खाटेशी जे दिसतं ते मोजा, लिहा आणि निर्णय होतो त्या टेबलापर्यंत न्या. तिथे तुमच्यासाठी खुर्ची नसेल, तर उभ्याने बोला. पण बोला.

उद्यापासून कुणीतरी तुमच्या हाती ड्युटी सोपवेल. नोंदवही घ्या आणि आधी विचारा, "राहिलं काय, ते सांगा." मग त्या खाटेकडे चालू लागा.